मागच्या सीटवरची ऊब

हर्षलचं सरकारी प्रशिक्षण दुपारी दोनला सुटलं, म्हणून सौसरहून निघायला तीन वाजले. मे महिना, बाहेर चव्वेचाळीस अंश. तृप्तीची आई दारातून "ऊन उतरू द्या न जी" म्हणत होती, पण जावईबापू हसले. "गाडीत एसी हाय, आई. पांढुर्ण्याले तासाभरात पोचतो."

तीन किलोमीटर गेले नाहीत तोच एसीतून गरम हवा यायला लागली.

"येतानी तं बरफ होती," हर्षल बटणं दाबत म्हणाला.

तृप्ती मागं बसली होती, दोन महिन्यांच्या लेकीला मांडीवर घेऊन. सातव्या महिन्यातच आलेल्या जुळ्यांतली ही एकच वाचलेली पोर. नावही अजून ठेवलं नव्हतं, सगळे चिमी म्हणत. बावीस दिवस नागपूरच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत राहिली, घरी आली, पण तिचे तळपाय कधी तापलेच नाहीत. दोन मोजे घातले तरी थंडगार. दूध चार घोट पिऊन सोडून द्यायची. सोमवारी वजन करायचं होतं. वाढलं नाही तर पुन्हा भरती, असं डॉक्टर म्हणाले होते.

"इथंच थांबवा," ती म्हणाली. "आत भट्टी झाली."

रस्त्याच्या कडेला गुणवंताचं गॅरेज होतं. त्यानं बोनेट उघडून मीटर लावलं, काटा बघितला, मग पुन्हा बघितला.

"सर, गॅस फुल हाय. कॉम्प्रेसर मस्त चालून राहिला. ह्या पाइपाले हात लावा."

पाइपावर पाण्याचे थेंब साचले होते. बोट गारठलं.

"मंग आत गरम काहून?"

"आत एक झडप रायते, गरम-थंडं वळवाची. ते अटकली असन. वहिनी, तुमी लेकरू घेऊन जरा लिंबाखाली बसा."

तृप्ती कडुलिंबाखालच्या बाजेवर बसली. समोर गुणवंता अर्धा गाडीत शिरला होता. डॅशबोर्डची झाकणं काढायचे आवाज आले, आणि पाचच मिनिटांत हाक. "आली! थंडी सुटली सर! झडप तं मोकळीच होती, मी काईच नाई केलं."

तिनं जाऊन हवेसमोर हात धरला. खरंच, कुडकुडायला लावणारी हवा. हायसं वाटून ती चिमीला घेऊन आत बसली.

हवा तिच्या हातातच कोमट झाली. मग गरम.

ती उतरली. थंड. बसली. गरम.

हर्षल विज्ञानाचा मास्तर. त्यानं आधी तृप्तीला एकटीला बसवलं, मग स्वतः एकटा बसला, मग गुणवंताला बसवलं. तिन्ही वेळा थंड. मग त्यानं चिमीला हातात घेतलं आणि मागचं दार उघडून फक्त एक पाय आत टाकला. गरम.

गुणवंता फडक्याला हात पुसत राहिला. हात कधीच स्वच्छ झाले होते.

"वहिनी," तो हळूच म्हणाला, "ओव्याचा वास येऊन राहिला काय?"

ओव्याचा. आणि त्याखाली जळत्या गोवरीचा.

तृप्तीला तो वास माहीत होता. चिमी घरी आली त्या दिवशी आईनं मालिशवाली इंदूबाई बोलावली होती. तिनं बाजेखाली शेगडी ठेवून, निखाऱ्यांवर ओवा टाकून लेकराला शेक द्यायला सुरुवात केली. तिसऱ्या दिवशी डॉक्टर फोनवर ओरडले, एवढ्याशा छातीत धूर? तृप्तीनं घाबरून शेगडीवर तांब्याभर पाणी ओतलं. इंदूबाई उठताना एवढंच म्हणाली, "शेक धरला की सव्वा महिना सोडत नसतेत, माय. अन् इस्तो पाण्यानं नाई इझवत. ज्यानं पेटवला त्यानं राखेखाली झाकाव."

ती लोधीखेड्याला लेकीकडे निघून गेली होती.

तृप्तीनं चिमीचा मोजा काढला. तळपाय गरम होता. गुलाबी. जन्मल्यापासून पहिल्यांदा.

ती गाडीत बसली, दार लावून घेतलं आणि पोरीला पदराखाली घेतलं. चिमी प्यायली. थांबली नाही. घामानं तृप्तीची पाठ भिजली, पण पोरीच्या अंगावर ना घाम, ना धूर. ती नुसती पीत होती. गच्च पोटानं तिनं ढेकर दिला तेव्हा तृप्तीला रडू आवरेना.

मग तिनं इंदूबाईला फोन लावला.

"मावशी, मी तृप्ती, सौसरची. त्या दिवशी पाणी ओतलं म्यां. माफ करा."

"कायची माफी वं." पलीकडे कशाची तरी खरखर ऐकू येत होती. "तुले भेव वाटला, तू ओतलं. मी इथून देऊन राहिली न शेक. रोज तीन वाजता. रिकामी बाज मांडतो, खालून शेगडी ठेवतो. आज पुरा झाला सव्वा महिना. राख लोटून राहिली आता."

खरखर थांबली.

तृप्तीच्या गालाला गार हवा लागली. बाहेर गुणवंतानं बोनेट आपटून बंद केलं. "सर, निंघा आता! हात लावू नका कायले!" हर्षल किती दिवसांनी मोकळं हसला.

तिनं चिमीचे पाय चाचपले. गरमच होते. गार हवेतही गरम. सोमवारची भीती कुठं गेली, तिला कळलंही नाही.

"मावशी, तुमचे उपकार—"

"राहू दे वं. हे विचारतो, एकीचा तं झाला." इंदूबाईचा आवाज अगदी साधा होता. "दुसरीचा उद्यापासून धरू न?"

तृप्तीनं खाली पाहिलं. चिमी झोपेत मांडीच्या एका कडेला सरकली होती. उरलेल्या मांडीवर दिसत काहीच नव्हतं, पण चिमीएवढंच ओझं होतं, आणि ते थंडगार होतं.

"धरा," ती म्हणाली.