एका पायाचा बिबट्या

ओढ्याकाठच्या चिखलात उकिडवी बसून गौतमी ठसा निरखत होती, तेवढ्यात वरून आवाज आला.

"कुत्र्याचंय ते, ताई."

तिनं मान वर केली. खांबावर सौरदिवा बसवणारा एक तरुण हातात पाना घेऊन तिच्याकडेच बघत होता.

"नखं उठलीत, म्हणून कुत्र्याचं," ती म्हणाली. "बिबट्या चालताना नखं आत घेतो. आन् वरून शिकवू नका, पडाल."

"पडलो तर बातमी होईल की."

"दोन ओळींची."

"दोन तर दोन... लिहिणार तुम्हीच ना?"

गौतमीनं ओठ दाबून हसू आवरलं आणि उगाच पुन्हा ठशाकडे बघितलं.

तो सम्राट. मूळ दौंडचा, पाबळला शिकलेला. घोड आणि कुकडी या नद्यांच्या मधल्या पट्ट्याला शिरूर तालुक्यात बेट म्हणतात. तिथल्या उसाच्या रस्त्यांवर दिवे लावायला तो आला होता. या बेटासाठी गौतमी 'बेटाची खबर' चालवत होती. ऑफिस म्हणजे तिचा मोबाईल आणि वाहन म्हणजे जुनी स्कूटी. जत्रा, लग्नं, निधनवार्ता सगळं ती द्यायची. पण लोक थांबायचे ते दिवेलागणीला मोबाईलवर येणाऱ्या तिच्या आवाजातल्या निरोपासाठी. आज बिबट्या कुठं दिसला, की दिसलाच नाही, हे ती रोज सांगायची आणि त्यावर माणसं गोठ्यात जायचं की दार लावायचं ते ठरवायची. तिचा नियम एकच होता. खबर कुणाचीही असो, जागेवर जाऊन डोळ्यांनी पाहिल्याशिवाय 'आहे' म्हणायचं नाही, 'नाही' तर मुळीच म्हणायचं नाही.

पुढच्याच आठवड्यात सम्राटचा फोन आला. ठसा दिसलाय.

ती गेली. ठसा सुबक होता, नखं नव्हती. तिनं आजूबाजूला पाहिलं.

"एकच?"

"काय एकच?"

"पाऊल. बाकीचे तीन पाय कुठं ठेवले त्यानं?"

"लंगडी घालत आला असंल."

तिनं त्याच्या उजव्या हाताकडे पाहिलं. अंगठ्याच्या नखात चिखल वाळला होता.

"तुम्ही केलाय हा."

"...व्हय."

"कशाला?"

"खबर दिली की तुम्ही येता. चहाला बोलावलं असतं, तर आला असता?"

तिला राग यायला हवा होता. आलं ते हसू. 'पुन्हा करू नका' हेही तिनं हसतच सांगितलं. हसत केलेली ती मनाई सम्राटला आमंत्रणासारखी ऐकू आली. खरं तर ती तशीच होती.

मग बेटावर कुठं कुठं एका पायाचा बिबट्या हिंडू लागला. कधी नव्या दिव्याखाली, कधी गुऱ्हाळामागे, जिथं हवेत उकळत्या रसाचा गोड वास असायचा. गौतमी जायची, ठसा बघायची, पुसायची. सगळं बेट तिला ताई म्हणायचं, त्यानं मात्र ते पहिल्या दिवशीच सोडलं होतं. 'तुम्ही' कधी गळून पडलं, ते दोघांनाही कळलं नाही.

"यावेळी डावा पाय हाय बरं का," तो म्हणायचा.

"डावखुरा दिसतोय."

"तुझ्यासाठी दोन्ही हातांनी शिकतोय..."

थंडी उतरत असतानाच्या एका संध्याकाळी त्याचा फोन आला तेव्हा ती निरोप रेकॉर्ड करायलाच बसली होती.

"गौतमी, ओढ्याच्या पुलाजवळ दिसलाय. आत्ता."

"किती पायांचा?" तिनं विचारलं.

"खरंच सांगतोय. उसात शिरला."

"बरं... सकाळी येते. चहा तयार ठेव."

"अगं, ऐक—"

तिनं फोन ठेवला. तिला हसू फुटत होतं आणि ते आवाजातही उतरलं. "आज बेटावर कुठंही बिबट्या दिसल्याची खबर नाही."

पुलाशेजारच्या वस्तीवरच्या ताईबाईंनी तो निरोप ऐकला, विळा घेतला आणि शेळ्यांसाठी घास कापायला बांधावर गेल्या. सम्राट बॅटरी घेऊन आरडाओरडा करत त्या बाजूला धावला म्हणून त्या वाचल्या. बिबट्यानं धरलेला उजवा हात मात्र खांद्यापासून गेला तो गेलाच.

शिरूरच्या दवाखान्यात गौतमी त्यांच्या उशाशी बसली. ताईबाईंनी तिच्या गुडघ्यावर डावा हात ठेवला.

"रडू नगं, पोरी. तू न्हाई म्हणलीस म्हणून गेले मी. तुला तरी कुठं ठावं व्हतं?"

ठावं होतं. एवढंच त्यांना सांगायला ती आली होती आणि तिनं ते सांगितलं. ताईबाईंनी हात काढून घेतला नाही, पण नजर छताकडे वळवली.

गौतमीनं त्याच दिवशी खुलासा दिला. खबर वेळेवर मिळाली होती, ती न तपासताच 'नाही' असं सांगितलं गेलं, चूक 'बेटाची खबर'ची आहे. खाली तिचं नाव होतं.

सम्राट तिला पुलावर भेटला.

"माझं नाव का न्हाई टाकलंस? खोटे ठसे मी उठवले."

"खोटी खबर मी कधी छापलीच नाही. खरी दाबली, ती मी. खुलासा दाबलेल्या खबरीचा असतो."

नदीवरून गार वारा येत होता. तो कठड्यावर नखानं रेघा ओढत राहिला.

"कुरकुंभला काम मिळतंय. कंपनीत, शिफ्टचं. तू राहा म्हणलीस तर जात न्हाई. मला तू... गौतमी, माझं तुझ्यावर—"

"नको बोलूस."

"हे तरी खरं हाय."

"असेल. माझंही आहे. पण तू बोललास ना, की मला आधी वाटतं, जागेवर जाऊन बघून यावं. आणि हे बघायला कुठं जाऊ मी?"

जाताना तो एवढंच म्हणाला, "पुलावरच्या दिव्याच्या पॅनेलची काच काठीला फडकं बांधून पुसत जा. धूळ बसली की लवकर विझतो."

निरोप अजूनही रोज दिवेलागणीला जातो. ताईबाई ऐकतात, पण ऐकून झाल्यावरही दार लावूनच घेतात.

कधी कधी काच पुसायला गौतमी पुलाकडे जाते. काल तिथं कडेला ओला चिखल होता. तिनं इकडंतिकडं पाहिलं. मग खाली बसून तळव्याची कड दाबली, वर चार बोटं टेकवली. ठसा सुबक उठला, एकाच पायाचा. दिव्याच्या उजेडात ती बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली.

उठताना तिनं तो नीट पुसून टाकला. सकाळी कुणाला दिसला असता, तर त्यानं खबर दिली असती.