उत्तरदाता क्रमांक चौदा

१. प्रस्तावना

"धर!" असं कोणीतरी ओरडलं, आणि मी धरलं.

(असं वाक्य प्रबंधात चालत नाही. पुण्याहून सर लाल शाईत विचारतील— कोण? कुठे? कधी? तर— मी जानकी, वय तेवीस, राहणार ओरोस, सरकारी क्वार्टर्स. संघर्ष निराकरण या विषयात एम.ए., दुसरं वर्ष. डिसेंबर २००८. मालवणच्या खालची एक मच्छीमार वाडी. सकाळचे साडेसात.)

रापण ओढणं चाललं होतं. समुद्रात अर्धगोल टाकलेलं लांबच लांब जाळं, त्याच्या दोन दोऱ्या किनाऱ्यावर, आणि दोरीला लोंबकळल्यासारखी माणसं— मागे, मागे, आणखी मागे. मी वही घेऊन बाजूला उभी. निरीक्षण करत. एकाचा पाय वाळूत घसरला, दोरी सैल पडली, आणि त्याच्या पुढचा, गुडघ्यापर्यंत भिजलेला, माझ्याकडे मान वळवून ओरडला—

"बघतंस काय? धर गो!"

वही वाळूत. दोरी हातात. गार, खरखरीत... आणि पलीकडून समुद्र ओढतोय! मला हसू फुटलं. का, ते माहीत नाही.

२. चूक

जाळं आलं. बांगडे, चांदीसारखे तडफडणारे. म्होरके बाबलीकाका यांनी वाळूवर ढीग लावले आणि एकेक नाव पुकारायला लागले. नाव आलं की माणूस "आसा!" म्हणतो आणि आपला वाटा उचलतो.

"शंकर!"

"घोव तापान पडलो आसा," तुळसाकाकी पुढे झाल्या. "माझ्याकडे दिया."

गैरहजर माणसाचा वाटा त्याच्या घरचंच माणूस मागू शकतं. दुसरं कोणी नाही. मी वहीत लिहून घेतलं. अधोरेखित केलं.

"आणि ह्यो ओरोसच्या चेडवाचो."

सात बांगडे. माझे!

"मी नाही घेऊ शकत," मी म्हटलं. "तुमचं आणि ट्रॉलरवाल्यांचं भांडण हाच माझा अभ्यास आहे. रविवारी दोघांना समोरासमोर बसवायचंय. मला तटस्थ राहायला हवं."

"मग दोरी कित्याक ओढलंस?" तोच. भिजलेला. "हात लागलो की वाटो इलो. नको म्हणलंस तर आमका परक्यात काढलंस."

"भांडणात एम.ए.?" तुळसाकाकी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "आमच्या वाडीत फुकट शिकवतत गो!"

सगळा किनारा हसला. मी बांगडे घेतले. रात्री त्यांचं तिखलं, झणझणीत कालवण, झकास झालं.

३. प्रश्नावली

उत्तरदाता क्रमांक : १४

नाव : सुदेश. (नोंद : 'धर गो' ओरडणारा तोच.)

वय : "सव्वीस. तुझा?" (नोंद : प्रश्न मी विचारायचे आहेत.)

भांडणाचं कारण : "ट्रॉलर किनाऱ्याक लागान येता. दोन वर्सामागे आमचा जाळा फाटला. ट्रॉलर दत्ताराममामाचो. माझो सख्खो मामा. तेव्हापासून बोलणा नाय."

आईला काय वाटतं? : "चतुर्थीक मामाचा पान वाढता. कोण येना नाय."

भांडण मिटावं असं वाटतं? : "होय."

कशासाठी? : "ह्या प्रश्नावलीत आसा, काय तू आपल्या मनान विचारतंस?"

(नोंद : प्रश्नावलीत नव्हता.)

४. अडचण

दत्ताराममामांनी मला ओटीवरच थांबवलं.

"त्यांचो वाटो तुझ्या चुलीर शिजलो मां? मग तू तेंची. रविवारी मी येवचंय नाय."

सरांना फोन केला. सर म्हणाले, "तटस्थता गेली, जानकी. गाव बदल." म्हणजे सहा आठवड्यांचं काम पाण्यात. म्हणजे ते चतुर्थीचं पान— दर वर्षी तसंच!

मी तणतणत किनाऱ्यावर गेले. सुदेश जाळं शिवत होता.

"तुझ्यामुळे! 'धर गो' म्हणे! कोणी सांगितलं होतं ओरडायला?"

"आणि तुका कोणी सांगितला होता धरूक?"

मी फतकल मारून वाळूत बसले.

त्याने सुई खाली ठेवली. मग हळूच— "मामाच्या ट्रॉलरार जा. काम कर. तेंचोय वाटो घे."

"ते नेतील मला?"

"माझा नाव घेव नको, म्हणजे न्हेतीत."

५. क्षेत्रकार्य

ट्रॉलरवर मी चार वेळा ओकले. मासळी निवडली. कोळंबीचा काटा बोटात घुसला. परत ओकले. दत्ताराममामा सुकाणूवरून ओरडले, "ओरोसच्या हापिसात असा शिकवतत?"

"नाय," मी म्हटलं. (मालवणीत! आपोआप, घरी बोलावं तशी.) "तुमी शिकवा."

ते पहिल्यांदा हसले. आणि तेव्हा दिसलं— हसताना सुदेशचा गालही असाच डावीकडे ओढला जातो.

धक्क्याला लागल्यावर त्यांनी माझ्या पिशवीत एक मोठं पापलेट टाकलं.

"आता तू आमचीय आणि तेंचीय. म्हणजे कोणाचीच नाय. येतंय मी रविवारी."

६. बैठक

जाळी ठेवायच्या मांगरात, तुळसाकाकींच्या चहावर, पावणेचार तास. मामा तीनदा उठून गेले, तीनदा परत बसले. शेवटी ठरलं : पहाटेपासून दुपारपर्यंत किनाऱ्याजवळचं पाणी रापणीचं, ट्रॉलर बाहेर. आणि फाटलेलं जाळं मामा आणि भाचा मिळून शिवणार.

मामांनी सुदेशच्या पाठीत एक धपाटा घातला. जोरात. दोघांचेही डोळे भरले.

मी बाहेर आले. तो मागोमाग.

"आता भांडण मिटला. आता तरी बोल."

"काय?"

"...ताच."

"प्रबंध फेब्रुवारीत जातो, सुदेश. तोपर्यंत मी काही बोलले तर आजची बैठकच खोटी ठरेल. मामा म्हणतील, भाच्यासाठी केलं."

"तोपर्यंत मी कोण?"

"उत्तरदाता क्रमांक चौदा."

"बरो," तो म्हणाला. गाल डावीकडे गेला. "पण चौदा नंबरचो माणूस रवात हां. वाट बघीत."

७. निष्कर्ष

(पुण्यात दोन महिने. एकही फोन नाही. मीच नको म्हटलं होतं. काय ही तटस्थता!)

प्रबंध दिला त्याच रात्री बस पकडली. सकाळी किनाऱ्यावर पोचले तेव्हा वाटे पुकारणं चाललं होतं. मी होडीच्या आड थांबले. जरा श्वास...

"तुळसा!"

"आसा!"

"सुदेश!"

"आसा!"

"जानकी!"

माझं नाव?

"नाय ती. माझ्याकडे दिया," सुदेशचा आवाज. शांत. सवयीचा. आणि कोणी हसलं नाही, कोणी वळून पाहिलं नाही.

म्हणजे रोज. दोन महिने, रोज, सगळ्या वाडीसमोर! गैरहजर माणसाचा वाटा त्याच्या घरचंच माणूस मागू शकतं. मीच लिहिलं होतं, अधोरेखित. मी बोलले नव्हते. त्याने मला बोलायला लावलंही नव्हतं. पण सगळा किनारा जाणत होता.

मी चप्पल काढली. होडीआडून धावत सुटले.

"आसा!" ओरडले मी. "जानकी आसा!"

तो वळला. हातातले बांगडे वाळूत पडले.

बाबलीकाकांनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग वाळूवरच्या दोन ढिगांकडे.

"गो चेडवा," ते म्हणाले, "आता हे दोन वाटे दोन घरात जातले, काय एकात?"

मी सुदेशकडे पाहिलं. तो वाळूतले बांगडे उचलायचंही विसरला होता.

"एकाच," मी म्हटलं. "पण आज तिखलं ह्यो करतलो. माझे दोन महिन्याचे वाटे ह्येनाच खाल्ल्यान."