हजार लिटर आणि जांभळीचा पाला

कागदावर मोहीम सोपी होती. सातपूरहून हजार लिटर पाणी न्यायचं आणि हरसूलच्या पलीकडच्या एका डोंगरमाथ्यावर, कातळात खोदलेल्या जुन्या टाक्यात ओतायचं. पिणार कोण? गिधाडं! मे महिन्यात ते टाकं कोरडं ठणठणीत पडलं होतं, आणि माथ्याखालच्या कड्यात गिधाडांची चार पिल्लं अजून घरट्यातच होती.

ही बातमी सावळीरामने आणली. वनखात्याचा रोजंदारीवरचा राखणदार; बारा वर्षं त्या कड्याकडे बघत बसलेला माणूस. सातपूरला आम्हा शेजाऱ्यांसमोर उभा राहून तो म्हणाला, "मागच्या साली शेजारच्या सुळक्यावरचं पाणी आटलं, ताई. मोठी पाखरं उठून गेली. पिल्लांना उडता येत नव्हतं. मी रोज खालून बघायचो. नवव्या दिवशी बघायचं सोडलं."

त्यावर 'बघू' म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

हबीबचाचांचं सातपूरला फॅब्रिकेशनचं वर्कशॉप. लष्कराच्या लिलावातून त्यांनी एक जुना ट्रक घेतला होता, चारही चाकांना जोर असलेला. त्याच्या हौद्यात त्यांनी स्टेनलेस स्टीलची बसकी टाकी बसवली. दुधाच्या टाकीने लाजावं अशी! एकच गोष्ट राहिली. अशा टाकीत आतून आडवे पडदे लावतात, नाहीतर पाणी मोकाट धावतं आणि गाडीला ढकलतं. तीस वर्षं पत्रा कापणाऱ्या चाचांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण शकीलाचाची म्हणाल्या, "पिण्याचं पाणी आहे. कोपऱ्यात हात पोहोचला नाही तर शेवाळ धरेल. पडदे नकोत, तोंड मोठं ठेवा." चाचा साऱ्या सातपूरशी भांडतात; चाचींशी नाही. "टाकी काठोकाठ भरली की पाणी हलतच नाही," असं त्यांनी स्वतःलाच समजावलं. ते खरंही होतं.

मी एका कारखान्यात स्टोअर सांभाळते, म्हणून पाण्याची वही माझ्याकडे आली. कोण किती प्यायलं, किती सांडलं, सगळं लिहायचं. चाची स्वतःच्या टाकीची धुलाई कशी होते ते बघायला आल्या होत्या. निदान सांगितलं तरी तसंच.

सकाळी सहाला निघालो. सावळीराम हरसूलला चढला. मी ग्लास पुढे केला.

"नको ताई. वर गेल्यावर."

मी त्याच्या नावापुढे भोपळा काढला. दुपारपर्यंत तो भोपळा तसाच राहिला. उंटाने शिकवणी लावावी असा माणूस!

डांबर संपलं. पुढे लाल मातीची वाट, दोन्ही बाजूंना पानं झडलेले साग, नांगरून भाजून ठेवलेल्या उतरत्या खाचरांच्या पायऱ्या, आणि या सगळ्याच्या वर, आभाळाला टेकून, तो काळा कडा. इतका मोठा, की ट्रक तासभर चालला तरी तो जवळ येईना. सावळीरामची नजर त्यावरून हलत नव्हती.

पहिल्या पाड्याच्या कोरड्या विहिरीवर दोन बायका रिकामे हंडे घेऊन बसल्या होत्या. चाचांनी करकचून ब्रेक मारला. हाक ऐकून सारा पाडा हंडे घेऊन आला. दोनशे लिटर गेलं!

"चाचा, हे वर पोहोचवायचंय," मी म्हणाले.

"पाणी मागणाऱ्याला नाही म्हणायला बापाने शिकवलंच नाही, सुवर्णाताई. मोहरममध्ये आमच्या दारात सबील लागायची. येईल त्याला सरबत, येईल त्याला पाणी."

"पण मागितलं कुणी? तुम्हीच गाडी थांबवून विचारताय!"

सावळीराम माझ्या बाजूने बोलेल वाटलं. तो तर खाली उतरून नळ सोडत होता.

डोंगराच्या पायथ्याच्या पाड्यावर आणखी दोनशे गेलं. तिथे तानुबाई भेटली. सत्तरीची, काटक, बोलायला तिखट. "काठोकाठ भर रे बाबा," तिने चाचांना बजावलं. "अर्धा हंडा मान मोडतो." मग तिने जांभळीची एक डहाळी मोडली, हंड्यात टाकली आणि थेंब न सांडता निघून गेली. आम्ही सगळ्यांनी ते पाहिलं. पत्र्यातल्या त्या जाणकारानेही पाहिलं. वहीत बसणारी गोष्ट नव्हती, म्हणून मीही सोडून दिली.

वहीत उरले होते सहाशे लिटर. चढ सुरू झाला.

पहिलं वळण निघालं. दुसऱ्याला मागून धप्प असा आवाज आला, कुणी आतून टाकीला खांदा दिल्यासारखा. चाचांनी गिअर उतरवला. 

तिसरं वळण! डावीकडे दरी. उजवं चाक दगडावर चढलं. ट्रक डावीकडे कलला. आणि आतलं सगळं पाणी डावीकडे धावलं! धडाड! उजवं पुढचं चाक जमिनीवरून सुटलं. हवेत फिरू लागलं. माझ्या खिडकीत वाट दिसेना. नुसती दरी, आणि तळाशी काडीएवढी झाडं.

"या अल्लाह!" चाची ओरडल्या.

"हलू नका! कुणी हलू नका!" चाचा गरजले.

चाचांनी ब्रेक दाबला नाही. स्टिअरिंग दरीकडेच किंचित वळवलं. वेडे झाले की काय! पण ट्रक हळूच खाली वळला, पाणी परत फिरलं, चाक धाडकन जमिनीवर आदळलं. मग इंच इंच मागे. पाड्यापर्यंत.

झाकणातून तीस लिटर उडालं होतं. मी ते लिहिलं.

चाचा पायरीवर बसले. "चूक माझी आहे. अर्ध्या टाकीने हा चढ होणार नाही. भरायला इथे पाणी नाही. ओतून टाकलं तर ट्रक चढेल, पण मग चढायचं कशाला?"

सावळीराम कड्याकडे बघत उभा राहिला. आज कितवा दिवस होता, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

गाडीची घरघर ऐकून तानुबाई आली होती. तिने टाकीवर चढून मोठ्या तोंडातून आत डोकावलं आणि खो खो हसली.

"एवढा मोठा हंडा केला, आन् पाला नाय टाकला? लेकरा, तुझ्या आयशीनं कधी पाणी वाहिलं नाय का?"

"मावशी, ही स्टेनलेस स्टीलची—"

"चांदीची आसंल. पाणी डचमळतंयच ना? पाल्यानं पाणी गप बसतं. एवढं तोंड ठिवलंय ते काय बघायला?"

चाचा तिच्याकडे बघत राहिले. मग ताडकन उठले. "पडदेच की! पाल्याचे पडदे!"

पाड्यावरच्या बायका कोरड्या ओहोळाकाठच्या जांभळीवरून भारेच्या भारे घेऊन आल्या. चाची प्रत्येक डहाळी ओढणीने पुसून आत देत होत्या. ज्या टाकीत बोटाचा ठसा उमटू दिला नव्हता, तिच्यात चाचा स्वतःच्या हाताने पाला कोंबत होते. मुलीची पाठवणी करताना बापाचा होतो तसा चेहरा! तळापासून झाकणापर्यंत टाकी हिरवी गच्च झाली. अरुंद तोंड असतं तर एक डहाळी गेली नसती. चाचींनी हे दोनदा बोलून दाखवलं.

"येताना पाला माझ्या शेळ्यांना," तानुबाईने भाडं ठरवून टाकलं.

पुन्हा तिसरं वळण. चाक दगडावर चढलं. ट्रक कलला. मी डोळे मिटले. मागे नुसतं चुबुक झालं. पाणी निघालं होतं, पण पानापानात अडकून दमलं. चाक जमिनीवरच राहिलं!

"चलो बेटा," चाचा ट्रकला म्हणाले.

नऊ वळणं. नवव्यानंतर वाट संपली आणि नुसतं आभाळ उरलं.

टाकं ज्या भेगेतून गळायचं, ती सावळीरामने आधीच बुजवून ठेवली होती. आम्ही पाइप सोडला. पाचशे सत्तर लिटर. हिरव्या वासाचं पाणी कातळावर पसरलं, त्यात ढग उतरले. आम्ही करवंदीच्या जाळीमागे जाऊन बसलो.

तास गेला. दीड तास गेला. आभाळ रिकामंच.

मग माझ्या वहीवरून एक सावली सरकली. सगळं पान झाकून जाईल एवढी. वर बघितलं. पंख न हलवता एक गिधाड फिरत होतं, माणसाहून रुंद. मग दुसरं. मग कुठून कुठून, जिथे काहीच नव्हतं तिथून, ती येत गेली आणि उतरताना त्यांच्या पंखांचा आवाज असा झाला, जसा वाऱ्यावर ट्रकची ताडपत्री सुटावी. आयुष्यभर मेल्या जनावरावर बघितलेला, ज्याला बघून नाक मुरडलं तोच हा पक्षी! इथे तो राजासारखा पायऱ्या उतरून पाण्यात गेला, मान बुडवली, वर केली. थेंब उन्हात चमकले. मग त्याने पंख उघडले आणि सगळं टाकं हललं. एकाशेजारी एक, सगळी अंघोळीला बसली. मोजायचं मी विसरले. तीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा.

"सोळा," सावळीराम कुजबुजला. "सगळी हायेत."

त्यातली दोन ओल्या पंखांनी उठली आणि कड्याखाली उतरली. आम्ही पालथे पडून काठावरून वाकून पाहिलं. खूप खाली, काटक्यांच्या घरट्यातून एक पांढुरकी मान वर झाली. चोच उघडली.

चाचांनी डोळे पुसले आणि धूळ गेली म्हणाले. धूळ कुठेच नव्हती.

"दहा दिवस पुरंल," सावळीराम म्हणाला. "मग परत यायला लागंल."

"पडदे लावून येतो," चाचा म्हणाले.

"काही नको," चाची म्हणाल्या. "पाला आहे."

सावळीराम उठून बसला. घसा खाकरला. "ताई, आता जरा पाणी द्या."

मी चाचांकडे बघितलं. चाचांनी टाकीकडे. शेवटचा थेंबही टाक्यात गेला होता!

चाचींनी पिशवीतून एक बाटली काढली. फडक्यात गुंडाळलेली, अजून गार.

"ही नोंदीत नव्हती," मी म्हणाले.

"बाईमाणूस वहीला सगळं सांगत नसतं," चाची म्हणाल्या. "सकाळपासून त्याच्या नावापुढचा भोपळा मी बघतेय."

सावळीराम टाक्याकडे तोंड करून प्यायला. एका दमात, सगळी.

मी भोपळा खोडून एक लिटर लिहिलं.