हुप्पूचा आवाज

आवाज मी आधी ओळखला, माणूस नंतर पाहिला.

१९७४ चा श्रावण होता. लोणावळ्याच्या फलाटावर धुकं इतकं उतरलं होतं की, समोर उभ्या असलेल्या पुण्याच्या गाडीचे शेवटचे डबे दिसत नव्हते. घाट चढवायला मागून लावलेलं इंजिन सोडवण्याचं काम चाललं होतं. मी परंदवडीला घरी जायला शटलची वाट पाहत बाकावर बसले होते. तेवढ्यात गाडीतून उतरलेला एक माणूस चिक्कीवाल्याशी बोलू लागला.

"ताजी कुठली? शेंगदाण्याची? की तिळाची? बरं, असू दे, शेंगदाण्याची द्या."

तीन प्रश्न, आणि एकाचंही उत्तर त्यानं ऐकून घेतलं नाही. मी उठले. अनोळखी पुरुषाशी आपणहून बोलायची मला सवय नव्हती, पण त्या दिवशी बोलले.

"तुम्ही हुप्पू का?"

चिक्कीवाला माझ्याकडे बघतच राहिला. एखाद्या सभ्य माणसाला कुणी माकड आहात का, असं विचारत नाही. पण तो माणूस हसला, आणि त्याचे कान लाल झाले.

"हुप्पूचा फक्त आवाज आणि उजवा हात. बाकीचा मी महिपती राणे. पण तुम्ही ओळखलंत कसं?"

दर गुरुवारी संध्याकाळी टीव्हीवर मुंबईहून 'खेळगाडी' हा मुलांचा कार्यक्रम दिसायचा. गाणी, गोष्टी, जादू, मुलांची नाटुकली, आणि या सगळ्यांच्या मध्ये लुडबुड करणारं कापडी माकड, हुप्पू. लोणावळ्यातल्या आमच्या मुलींच्या वसतिगृहाला कुणा बंगलेवाल्यांनी आपला जुना टीव्ही दिला होता. मी शाळेत विज्ञान शिकवायचे, म्हणून एरियल बांबूवर बांधून मुंबईच्या दिशेला फिरवायचं काम माझ्याकडे होतं. पाऊस जोराचा असला की चित्र विरून जायचं आणि नुसता आवाज उरायचा. म्हणून तो आवाज मला पाठ होता.

"तुम्ही मुलांना प्रश्न विचारता," मी म्हणाले, "आणि उत्तराला थांबत नाही."

"उत्तरं? ती तर टीव्हीच्या बाहेर असतात, बाई."

"त्यांना ते ठाऊक नसतं."

मग मी त्यांना गंगीबद्दल सांगितलं. आंदर मावळातल्या ठाकरवाडीची नऊ वर्षांची मुलगी. उन्हाळ्यात आई गेली, जूनमध्ये वडील तिला वसतिगृहात सोडून गेले, आणि तेव्हापासून ती एक शब्द बोलली नव्हती. वर्गात नाही, जेवताना नाही, झोपेतही नाही. मागच्या गुरुवारी हुप्पूनं विचारलं, "माझ्याशी कोण खेळणार?" तेव्हा गंगीनं तोंड उघडलं. ओठ हलले. पण तोवर हुप्पू पुढच्या गाण्याकडे निघून गेला होता. तिनं तोंड मिटून घेतलं.

"दिवाळीपर्यंत ती बोलली नाही, तर वसतिगृह चालवणारं मंडळ तिला परत पाठवणार आहे," मी म्हणाले. "तिकडे शाळा नाही."

शिट्टी झाली. ते पळत जाऊन डब्यात चढले. गाडी हलली, आणि धुक्यातून त्यांचा आवाज आला, "गुरुवारी नाही जमणार... रविवारी येतो..."

मला वाटलं, हाही बोलण्याच्या ओघात सोडलेला शब्द असेल. पण ते आले.

वसतिगृहाच्या ओसरीवर ते गंगीसमोर मांडी घालून बसले. बाहुलं बाहेर न्यायची परवानगी नव्हती, म्हणून हात रिकामे होते. "नाव काय तुझं? गंगी ना? चिक्की खातेस? नको? बरं, मग मीच—"

मी मागून हळूच म्हणाले, "थांबा."

ते थांबले. पण त्यांचा गुडघा हलत होता.

स्वयंपाक करणाऱ्या सावित्राबाई दारातून पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "ह्ये भाऊ लय बोलत्यात. पोरीनं कुटं बोलायचं मग?"

त्या दिवशी गंगी बोलली नाही. पुढच्या रविवारीही नाही. महिपती मात्र येत राहिले. मुली झोपाळ्यावर गेल्या की आम्ही ओसरीच्या पायरीवर बसायचो.

"आम्ही थांबलो ना," ते एकदा म्हणाले, "की वरच्या नियंत्रण खोलीतला माणूस घाबरतो. कार्यक्रम थेट जातो. पडद्यावर काही घडलं नाही, तर लोकांना वाटतं केंद्रच बंद पडलं."

"प्रयोगशाळेतला तराजू पाहिलाय? काटा हलत असताना माप वाचलं, तर ते चुकतं. तो स्थिर होऊ द्यावा लागतो."

"आणि तुमचा काटा? स्थिर व्हायला किती वेळ घेतो?"

मी पायरीवरच्या शेवाळाकडे पाहत राहिले.

"बघा," ते म्हणाले, "आता मी थांबलोय."

"दिसतंय," मी म्हणाले. मला हसू आवरेना.

परंदवडीला बातमी माझ्याआधी पोचली. माझे वडील, बजरंग गराडे, गोठ्यात वैरण टाकत होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "कोन हाय त्यो?"

"टीव्हीवर काम करतात, आबा."

"काम कसलं?"

"माकडाचा आवाज काढतात."

आबांनी वैरणीची पेंढी खाली ठेवली. "बीएस्सी केलीस तवा वाटलं, पोरगी डागदराला न्हाईतर इंजनेराला पसंत करंल." थोड्या वेळानं म्हणाले, "मानूस चांगला हाय का?"

"व्हय," मी म्हणाले. घरी बोलताना माझ्या तोंडात तेच यायचं.

भाद्रपदातल्या एका रविवारी आम्ही तुंगार्लीच्या तलावावर गेलो. पाणी काठोकाठ भरलं होतं आणि सोनकीची फुलं नुकती उघडली होती.  महिपतींनी खिशातला रुमाल काढून हाताभोवती गुंडाळला, बोटं आणि अंगठा जुळवून त्याचं तोंड केलं, आणि हुप्पूच्या आवाजात म्हणाले, "बाई, ओ बाई, या महिपतीशी लग्न कराल का? बावळट आहे, पण झाडावर चढत नाही."

मी हसले. मग हसू कुठे विरलं, कळलं नाही. रुमालाचं तोंड माझ्याकडे वळलं होतं आणि महिपती दुसरीकडे पाहत होते.

"हे मला हुप्पूनं विचारलं," मी म्हणाले. "तुम्ही काही विचारलंत का?"

त्यांनी हळूहळू रुमाल सोडला. त्याची घडी घातली... पुन्हा मोडली.

"माझ्या आवाजात मला नीट बोलता येत नाही," ते म्हणाले. "घरीसुद्धा. लहानपणापासून कुणाचा ना कुणाचा तरी आवाज काढूनच..."

"मग मी कुणाला उत्तर देऊ?"

मला ते हळू म्हणायचं होतं, पण कठोर निघालं.  पुढचे रविवार रिकामे गेले. ओसरीवर मी एकटीच वह्या तपासायचे आणि एकाच मुलीची वही दोनदा तपासायचे.

दिवाळी जवळ आली. गंगीच्या वडिलांना बोलावून घ्या, असा निरोप मंडळानं धाडला. त्याच आठवड्यातल्या गुरुवारी आकाश मोकळं होतं आणि चित्र स्वच्छ आलं. गंगी नेहमीसारखी अगदी पुढे, पाय पोटाशी घेऊन बसली होती.

हुप्पूला त्या दिवशी कुणीतरी पकडायला येत होतं. तो इकडे पळाला, तिकडे पळाला. मग एकदम कॅमेऱ्यासमोर येऊन त्यानं विचारलं,

"मी कुठं लपू?"

आणि तो थांबला.

त्यानं मान जरा कलती केली. कापडी तोंड किंचित उघडं. मागचं पेटीवादन बंद पडलं. पडद्याच्या कडेला एक हात 'पुढे चला' अशी खूण करताना क्षणभर दिसला. हुप्पू हलला नाही. इतका वेळ शांतता टीव्हीवर मी कधी ऐकली नव्हती. सावित्राबाई म्हणाल्या, "बिघडलं जणू." मी उठून टीव्हीच्या खटक्याकडे जाऊ लागले.

"हितं," गंगी म्हणाली. "माज्या मागं."

तिचा आवाज घोगरा होता, न वापरलेला. ती थोडी पुढे सरकली आणि आपल्या पाठीमागची जमीन तिनं हातानं पुसून घेतली, कुणाला तरी बसायला जागा करावी तशी.

"बरं," पडद्यावरचा हुप्पू म्हणाला, "तिथंच लपतो."

सावित्राबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मी भिंतीला टेकून उभी राहिले.

त्या गुरुवारचं आता काही उरलेलं नाही. तेव्हाचे कार्यक्रम एकदा दिसले की संपायचे. फिती फार थोड्या होत्या आणि त्याही पुसून पुन्हा वापरल्या जायच्या. 'खेळगाडी'च्या जुन्या आठवणी कुणी लिहिल्या, तर त्यात तो भाग कदाचित बिघाड म्हणूनच येईल. केंद्रानं तो बिघाडच मानला. हुप्पू दुसऱ्या कलाकाराला मिळाला, आणि महिपतींना बातम्यांच्या मागचं काम. आवाज नसलेलं.

हे मला त्यांनीच सांगितलं. पुढच्या गुरुवारी कार्यक्रम सुरू व्हायच्या थोडं आधी ते आले. चेहरा उतरला होता. तिच्या वडिलांना बोलावण्याचा निरोप मंडळानं मागे घेतला होता. गंगी अंगणात मैत्रिणीशी भांडत होती, ते ऐकत ते दारातच उभे राहिले.

"वाईट वाटतं?" मी विचारलं.

 "हो," ते म्हणाले. तो आवाज जाड होता, थोडा अडखळणारा. मी तो पहिल्यांदाच ऐकत होते.

आम्ही मुलींच्या मागे भिंतीशी बसलो. पडद्यावर हुप्पू आला आणि नव्या, चिरक्या आवाजात बोलू लागला. मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. महिपतींनी दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून ठेवले होते. उजव्या हाताची बोटं आपोआप जुळत होती, उघडत होती. मी त्या हातावर माझा हात ठेवला.

ते माझ्याकडे वळले. "कस्तुरा," ते म्हणाले. मला नावानं त्यांनी आजवर हाक मारली नव्हती. "माझ्याजवळ आता... म्हणजे मी... तुम्ही माझ्याशी..."

"हो," मी म्हणाले.

"मी अजून विचारलं नाही."

"माहीत आहे. हो."

गंगीनं मागे वळून आमच्याकडे रागानं पाहिलं.

"बाई, गप ना वाईच," ती म्हणाली. "काय बी ऐकू येत न्हाई."