चौथ्या वेळी एकच टक

आधीच सांगतो, यात रात्र नाही.

अमावस्या नाही, पिंपळ नाही, पांढरी साडी नाही. मार्चमधला मंगळवार होता. दुपारचे सव्वादोन. सिन्नर एमआयडीसीतल्या एका बंद कंपनीच्या शेडमध्ये आम्ही तिघं घामाघूम उभे होतो.

ज्याला खोटं वाटतंय त्याने पुढे वाचू नये. मला कोणाला पटवत बसायला वेळ नाहीये. आज रविवार आहे, आणि मी एका हाताने हे टाईप करतोय.

मी बंटी. वय सतरा. अकरावी अर्ध्यात सोडली. का सोडली ते विचारू नका, डोकं फिरतं.

मी ड्रम वाजवतो. बँडचं नाव 'कोरडा नळ'. बँड म्हणजे दोघंच. गोरक्ष गातो आणि गिटार वाजवतो, मी मागे बसून बडवतो. आमचं एक स्वतःचं गाणं आहे, 'बॅकलॉग'. त्याचा व्हिडिओ करायचा होता.

पैसे कोणाकडेच नव्हते. पण आमच्या इंदिरानगरच्या बिल्डिंगमधली चैतालीताई फिल्मच्या कोर्सला आहे, शेवटचं वर्ष. तिचा प्रोजेक्ट म्हणून आमचा व्हिडिओ. कॅमेरा, लाईट सगळं कॉलेजचं. अट एकच... सरांनी आधी प्लॅन पास करायला हवा.

आणि माझ्या घरची अट वेगळी होती.

"व्हिडिओ झाला तर एक वर्ष देतो तुला," पप्पा म्हणाले होते. "वाजव काय वाजवायचं ते. नाय झाला, तर एक तारखेपासून माझ्यासंगं सिन्नरच्या बसमधी बसायचं. पॅकिंगला लावतो."

पप्पा सिन्नरला एका कंपनीत पॅकिंगमध्ये आहेत. दिवसभर खोके चिकटवायचे. मी मेलो असतो.

तर सगळं त्या प्लॅनवर.

आणि प्लॅन पास होईना!

पहिल्यांदा चैतालीने पेठ रोडचा घाट लिहिला. सर म्हणाले, लग्नाच्या व्हिडिओत रोज दिसतो. दुसऱ्यांदा द्राक्षाची बाग. सर म्हणाले, रॉक आहे का कृषी प्रदर्शन? तिसऱ्यांदा तिने अठरा पानं लिहून नेली. कुठला शॉट किती सेकंद, कुठला रंग, कपडे कसले, सगळं. सरांनी पानं उलटली आणि विचारलं, "या जागेचा आणि या गाण्याचा एकमेकांशी संबंध काय?"

वर हेही म्हणाले की गाणं मधल्या भागात झोपतं.

मधला भाग म्हणजे माझा. तिथे फक्त ड्रम आहेत. दोन महिने मी त्यावर डोकं आपटत होतो. काहीही वाजवलं तरी वरातीत वाजतंय असंच वाटायचं.

शुक्रवारी शेवटचा चान्स होता. म्हणून मंगळवारी ती शेड.

गेटवर सावळीराम बाबा वॉचमन. खुर्चीचा मोडका पाय टायरच्या ट्यूबने बांधलेला, अंगात कोणाचा तरी जुना स्वेटर.

"मशिनी नाय हां आत," ते म्हणाले. "नऊ वर्षं झाली, भंगारात गेल्या."

"मशिनी नकोत बाबा, शेड हवीय," चैताली म्हणाली. "आत येऊन मेन स्विच दाखवता का?"

"मी आत येत नाय."

"का?"

"मला बाहेरचा पगार हाय."

गोरक्ष खो खो हसला. मी पण हसलो.

आत नुसती उंच रिकामी शेड. पत्र्याला भोकं, त्यातून उन्हाच्या काठ्या उतरलेल्या. वर कबुतरांचा गोंधळ. खाली जमिनीतून वर आलेले जाड बोल्ट, एकेका मशीनच्या जागी चार-चार. आणि सगळीकडे बोटभर धूळ.

माझी नजर वाईट आहे. नको ते आधी दिसतं.

मागच्या कोपऱ्यातल्या चार बोल्टांच्या पलीकडे, धुळीत दोन जागा स्वच्छ होत्या. शेजारी शेजारी. तळपायाएवढ्या.

जसं कोणी तिथे खूप वेळ उभं आहे.

तिथपर्यंत जाणारं पाऊल मात्र एकही नव्हतं...

"उंदीर असतील," गोरक्ष म्हणाला.

"चप्पल घालून?" मी म्हणालो.

"ए, भांडू नका रे, मला काम करू द्या," चैताली ओरडली. तिने बोल्टांच्या अलीकडे खडूने मोठा गोल काढला. "ड्रम इथे. ऊन बरोबर इथे पडतं."

म्हणजे त्या दोन जागांच्या बरोब्बर समोर.

मग तिने रेकॉर्डर काढला. या लोकांची एक पद्धत असते. कुठल्याही जागेवर गेले की तिथला एक मिनिट नुसता रेकॉर्ड करायचा. कोणी बोलायचं नाही, हलायचं नाही. त्या जागेची शांतता घेऊन यायची. नंतर आवाज जोडताना लागते म्हणे.

आम्ही पुतळ्यासारखे उभे राहिलो.

काही नाही. नुसती शांतता. कानातलं रक्त ऐकू येईल इतकी.

"झालं," चैताली म्हणाली.

आणि वर कबुतरं परत घुमायला लागली.

परत...

म्हणजे मिनिटभर ती गप्प होती. शंभरेक कबुतरं. एकदम.

मी कोणाला बोललो नाही.

संध्याकाळी चैतालीच्या घरी हेडफोन लावून आम्ही तो मिनिट ऐकला. तिने आधी ऐकला आणि हेडफोन काढून माझ्याकडे बघितलं.

"तू काही वाजवत होतास?"

"हात खिशात होते माझे."

मी हेडफोन लावला.

लोखंडावर लोखंड. बारीक. टक, टक... मग लांबून, जमिनीखालून आल्यासारखं... धड.

टक, टक... धड.

टक, टक... धड.

टक...

धड.

आणि परत पहिल्यापासून. मिनिटभर तेच. तीनदा दोन टक, चौथ्या वेळी एकच. आणि चौथा धड जरा लवकर पडायचा. पायरी चुकल्यावर पाय जसा हवेत पडतो ना, तसं व्हायचं.

"शेजारच्या कंपनीत प्रेस चालू असेल," चैताली म्हणाली.

"मग आपल्याला तेव्हा ऐकू का नाही आलं?"

"रेकॉर्डरला जास्त ऐकू येतं, बंटी."

गोरक्ष डोळे मिटून मान हलवत होता. "कोणाचं का असेना. भारी आहे. उचलू."

आणि मी उचललं. खोटं कशाला बोलू. टक टक काठीने, धड पायाने. मधल्या भागात घातलं आणि गाणं उठून बसलं! माझ्याच अंगावर काटा आला.

शुक्रवारी सरांनी ते दोनदा ऐकलं. "आता जागा बोलतेय," म्हणाले. "ही कल्पना कोणाची?"

चैतालीने माझ्याकडे बोट केलं. सरांनी माझं नाव लिहून घेतलं. आजवर कुठल्या सरांनी माझं नाव लिहून घेतलं की पप्पांना शाळेत बोलावणं यायचं.

प्लॅन पास. रविवारी शूट. गाणं जसं ऐकवलं तसंच, एक ठोका बदलायचा नाही.

त्या संध्याकाळी मी हवेत होतो. पप्पा जेवत होते. मी समोर बसून चमच्याने पिठाच्या डब्यावर वाजवत होतो, आणि धडसाठी टाच फरशीवर.

टक, टक... धड. टक, टक... धड. टक, टक... धड. टक...

पप्पांनी पुढे वाकून डब्यावर बोटाने दुसरी टक मारली.

माझी टाच उचललेलीच राहिली.

"कुठं ऐकलं हे?" ते म्हणाले. हातातला घास तसाच.

"गाणंय आमचं. पास झालं आज. आता तुम्ही सुरू करू नका."

"गाणं नाय ते."

"तुम्हाला काय कळतं गाण्यातलं?"

एरवी यावर ताट उडालं असतं.  आज त्यांनी नुसतं विचारलं, शूट कुठे आहे. मी सांगितलं. तोवर मी घरी जागा सांगितलीच नव्हती.

पप्पांनी घास ताटात ठेवला.

मला माहीतच नव्हतं की ते पूर्वी त्याच कंपनीत होते. मोठ्या प्रेसवर ऑपरेटर. पलीकडे हेल्पर, फकिरा नावाचा. मशीन एवढी उंच की एकमेकांना दिसायचे नाहीत, आणि आवाजात बोललेलं ऐकू यायचं नाही. म्हणून फकिराने पान्याने मशीनवर टक मारायची. पहिली टक, पत्रा बसला. दुसरी टक, हात बाहेर काढले. मग ऑपरेटरने पायाने पॅडल दाबायचं.

"दिवसाला हजारदा," पप्पा म्हणाले. "कान ऐकत नाय मग. पायच ऐकतो."

ते ताटाकडे बघून बोलत होते.

"त्या दिवशी एकच टक आली. पण पाय सवयीनं गेला माझा."

फकिराचे दोन्ही हात आत होते. तिसऱ्या दिवशी तो गेला.

 सतरा वर्षांत पप्पांनी मला हे सांगितलं नव्हतं. मी पॅकिंग पॅकिंग म्हणून त्यांना चिडवत होतो.

"तिथं वाजवायचं तर दोन टक मारायच्या," ते म्हणाले. "चारी वेळा. नायतर जायचं नाय."

शनिवारी मी दोघांना सांगितलं. चैतालीने प्लॅनची पानं बाजूला ठेवली. गोरक्ष मात्र पेटला.

"बंट्या, पास झाल्यावर तुझं हे सुरू झालं?"

"फक्त एक टक वाढवायचीय यार!"

"वाजवून दाखव."

मी वाजवलं. चारही वेळा दोन टक. आणि मलाच कळलं... झोपलं. परत वरात.

"सर हाकलून देतील," चैताली म्हणाली. "बंटी, माझं वर्ष जाईल रे. वाईट झालं ते, मला कळतंय. पण आवाजाने काय होतं?"

"तुझ्या बापाचा पाय नव्हता ना तो!"

मी खूप बोललो. बोलू नये तेही बोललो. काठ्या तिथेच फेकल्या.

"ड्रमला मनोजला बोलावू," जिन्यात मागून गोरक्षचा आवाज आला. "तो जसंच्या तसं वाजवतो."

माझं एक वर्ष त्या जिन्यात गेलं. जाऊ दे.

आज सकाळी पप्पांना मी म्हणालो, मी जात नाहीये. ते फक्त "बरं" म्हणाले. सुट्टी म्हणून कॉटवर आडवे झाले, पाय खाली सोडून. डोळा लागला त्यांचा.

अकरापासून मी चैतालीला फोन लावतोय. गोरक्षला लावतोय. कोणी उचलत नाही. निदान त्या कोपऱ्यातून ड्रम हलवा, एवढंच सांगायचं होतं.

बारा वाजून दहा मिनिटांनी चैतालीचा फोन उचलला गेला.

"ताई?"

कोणी बोललं नाही. मी स्पीकर चालू केला. शेडमधला घुमणारा आवाज. मधला भाग चालू होता, मनोज वाजवत होता. जसंच्या तसं.

टक, टक... धड.

कॉटवर पप्पांचा उजवा पाय उचलला गेला आणि फरशीवर दाबला गेला.

डोळे मिटलेले. श्वास झोपेतला.

टक, टक... धड.

पाय परत वर... परत खाली.

टक, टक... धड.

पाय खाली आला आणि चौथ्यांदा वर गेला. मी फोन कट केला. चौथी ऐकायची हिंमत झाली नाही.

आता पावणेएक वाजलाय.

पप्पांचा पाय अजून वरच आहे. फरशीपासून वीतभर. थरथरत नाही, खाली येत नाही. हाका मारल्या, हलवलं. उठत नाहीत. शेजारच्या काकू डॉक्टरांना आणायला गेल्यात.

मी पिठाच्या डब्यावर चमच्याने नीट दोन टक मारून पाहिल्या. तीनदा मारल्या. मग रडत रडत मारल्या. चमचा अजून एका हातात आहे.

पाय हलला नाही.

तो माझ्या टकची वाट बघत नाहीये.