चारशे बारा निरोगी मुलं

"लेख माझ्या नावावर आहे आणि त्यातली एक ओळही माझी नाही," असं म्हणून आत-बाशीच्या डॉक्टर आयचुरेकनं कागद टेबलावर टाकला.

सैकालनं तो उचलला नाही. तिनं आधी चहा ओतला. अर्धी वाटी, पाहुण्याला ओततात तेवढाच. एजे, म्हणजे थोरली ताई, असंच मेदेर तिला म्हणायचा; एजे चहा ओतत गप्प बसली की समोरच्याला तोलत असते, हे त्याला ठाऊक होतं. एके काळी ती रक्ताच्या प्रयोगशाळांची निरीक्षक होती. आता बिश्केकमध्ये खासगी तपास करायची. वाहतूक पोलिसातून निवृत्त झालेला मेदेर तिची गाडी चालवायचा, आणि निष्कर्षांवर तिच्या आधी पोचायचा. बहुधा चुकीच्या.

"वाच," एजे म्हणाली.

मेदेरनं वाचलं. आत-बाशी या डोंगराळ भागातल्या नऊ ते अकरा वर्षांच्या चारशे बारा मुलांचं रक्त २०२३ साली तपासलं. कोलेस्टेरॉल एकाचंही जास्त नाही. सबब शाळकरी मुलांची ही तपासणी निरर्थक. लेखक तीन: आयचुरेक, प्राध्यापक दानियार एसेनोविच, प्रयोगशाळेच्या झामिरा.

"महिना कुठला?"

"नुसतं वर्ष दिलंय."

"एवढ्या मुलांत एकही नाही," एजे स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "डोंगरसुद्धा इतका सपाट नसतो."

"माझ्याकडेच एक मुलगी आहे," आयचुरेक म्हणाली. "दहा वर्षांची. कोलेस्टेरॉल आमच्या मापात पाचच्या आत हवं, तिचं नऊ आहे. बाप चौतिसाव्या वर्षी घोड्यावर बसल्या बसल्या गेला. औषध सुरू करायचं, तर आरोग्य खात्याचे लोक हा लेख दाखवून म्हणतात, मुलांना असलं काही नसतं. आत्ता ती आजीबरोबर वर डोंगरात गेलीय, गोळीविना. मी तक्रार केली, तर चारशे बारा मुलांचा मूळ तक्ता माझ्याच नावानं गेलाय म्हणे. गुरुवारी चौकशी आहे. परवाना जाईल माझा."

दानियार एसेनोविचच्या खोलीत इसिक-कुल तलावाकाठच्या आरोग्यधामातला फोटो होता. पांढरी टोपी, पांढऱ्या चपला.

"दर उन्हाळा तिथेच," तो म्हणाला. "बिश्केकच्या माणसाला डोंगर सोसत नाही. घोड्याच्या वासानंच मला शिंका येतात."

"तक्ता तुम्ही पाहिला होता?"

"आजतागायत नाही. तिनं परस्पर पाठवला, बोलली नाही की भेटली नाही. मी फक्त लेखाची भाषा सुधारली. खरं सांगू? मला कौतुक वाटलं होतं तिचं. जुलैच्या उन्हात गावोगाव रक्त गोळा करायचं म्हणजे गंमत आहे? आणि निघालं काय, सगळं घरबसल्या लिहिलेलं."

झामिरानं त्यांच्यापुढे सुक्या दह्याचे गोळे ठेवले. "मुलानं आणलेत गेल्या वर्षी. एकदा आजोबांमागं वर गेला की सप्टेंबरापर्यंत आईची आठवण नाही कार्ट्याला."

"लेखात तुमचं नाव?"

"प्राध्यापकांनी घातलं, मी नको म्हटलं नाही. लाज वाटते. पण माझ्याकडे एक नळीही आलेली नाही. नोंदवही बघा."

तिसरा उलान. लेख विकणं हाच त्याचा धंदा; हा लेखही त्याच्याच हातून मासिकाकडे गेला होता. एका खानावळीत तो लगमानच्या लांब शेवया ओढत बसला होता.

"फाईल मेलवर आली," तो म्हणाला. "नाव डॉक्टरीणबाईंचं. तोंड कुणाचं पाहिलं नाही. मी ती पुढं ढकलली."

"आकडे तू बनवलेस," मेदेर म्हणाला.

"मी? माझं गणित कच्चं आहे, दादा. आमची मेंढरं सप्टेंबर सरता सरता खाली उतरायची, तोवर मास्तर बेरजा संपवून बसलेले."

बाहेर येताच मेदेर म्हणाला, "हाच तो. मेलवर आली म्हणताना शेवयांकडे बघत होता."

"खोटं बोलला, हे खरं," एजे म्हणाली. "पण कुणासाठी?"

संध्याकाळी मासिकाकडून मूळ तक्ता आला. सगळे नमुने गावच्या शाळेत घेतलेले, सकाळी, उपाशीपोटी, ३ ते २८ जुलै.

"सुट्टी होती, म्हणजे मुलं घरीच सापडली असणार," मेदेर म्हणाला.

एजे हसली. "मेदेर, तू नसतास तर मी काय केलं असतं?"

हे कौतुक नसावं, असं त्याला वाटलं.

गुरुवारी समितीपुढे सगळे बसले होते. उलानला मेदेरनं आणलं होतं. एजेनं तक्त्यातल्या तारखा वाचल्या, तशी झामिरा खुदकन हसली. उलाननं मान खाली घातली.

"कुठली मुलं?" आयचुरेक म्हणाली. "जुलैत आमच्या गावात म्हातारी कुत्री असतात. मुलं जूनमध्येच मेंढरांबरोबर वरच्या कुरणावर जातात, ती सप्टेंबरात उतरतात."

मेदेरचे कान तापले.

"आयचुरेकला खोटं लिहायचं असतं, तर तिनं ऑक्टोबर लिहिला असता," एजे म्हणाली. "झामिराचा मुलगा वर जातो. उलान स्वतः वर वाढला. ही चूक ज्याचा उन्हाळा डोंगराबाहेर जातो त्याची. माझ्या मेदेरनंही केली."

"मग त्यालाच पकडा," दानियार एसेनोविच म्हणाला.

"त्यानं तक्ता पाहून केली. छापील लेखात फक्त वर्ष आहे. तक्ता पाहिला नाही म्हणणाऱ्या आणि डॉक्टरांशी न बोललेल्या तुम्हाला जुलैचं ऊन कसं लागलं?"

प्राध्यापकानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "तिनंच कधीतरी सांगितलं असेल."

"मी? जुलै?" आयचुरेकनं इतकंच विचारलं.

"साहेब, मला यात बुडवू नका," उलान पुटपुटला. "मेलची गोष्ट खोटी होती. पेनड्राइव्ह तुम्ही दिलात, तुमच्या खोलीत. वरच्या पदाला एक लेख कमी पडतोय म्हणालात. पहिलं नाव तिचं घाल, म्हणजे आग लागलीच तर तिच्या घराला लागेल."



समितीच्या अध्यक्षांनी आयचुरेकवरचा आरोप खोडून काढला. "लेख रद्द होईल. खरी तपासणी कधी सुरू करता? सोमवारी?"

"सप्टेंबरात," ती म्हणाली. "मुलं उतरली की. त्या एका मुलीकडे मात्र मी उद्याच गोळ्या घेऊन जाते."

"मी सोडतो गाडीनं," मेदेर म्हणाला.

एजेनं त्याच्याकडे पाहिलं. "गाडी अर्ध्या वाटेपर्यंत जाते, मेदेर. पुढं घोडा."