तीन सिलिंडर आणि चौथा ठोका

सावली गावात साडेनऊला लाईट गेली. जेवणं झाली होती. नागपूरहून सुट्टीत आलेल्या रूही आणि मदीहा अंगणात, एकाच बाजेवर, एकाच रजईत शिरून बसल्या. समोर खुर्चीवर कमरुद्दीनचाचा. चाळीस वर्षं गाड्यांच्या इंजिनात हात घातलेला माणूस. बोटांच्या रेषांत अजून काळं तेल. रूहीनं मोबाईलचा टॉर्च लावला तसे चाचा म्हणाले, "बंद कर तो. डोळ्यात जाते."

"मग गोष्ट सांगा. भुताची."

"भुताची का कायची, मले काय मालूम? जुबेरसंग झाली. माह्याच हाताखाली शिकला तो. खोटं बोलला असता तर मले तेव्हाच समजलं असतं."

मदीहानं पाय बाजेवर घेतले. आणि चाचांनी सांगितलं ते असं.

दोन हजार चोवीसचा डिसेंबर. सतरा तारीख, मंगळवार. जुबेर तिशीतला, बसस्टँडच्या मागे त्याचं स्वतःचं गॅरेज. त्या रात्री त्याला काम एवढंच होतं, की नानाजींची व्हॅन त्यांच्या गावी पोचवून द्यायची. गाव सावलीहून चौदा किलोमीटर आत, त्यातला अर्धा रस्ता जंगलाचा. नानाजी धानाचे शेतकरी. त्यांची लेक करिष्मा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, नववा सरत आलेला. गावात वेळेवर गाडी मिळत नाही, म्हणून त्यांनी ही जुनी पांढरी व्हॅन घेतली होती, एटापल्लीकडच्या एका सवारीवाल्याकडून. चावी देताना तो म्हणाला होता, "चालती ठेवा भाऊ. उभी नोका ठेवत जाऊ." इंजिनाच्या तब्येतीसाठी सांगतो आहे, असं नानाजींना वाटलं.

व्हॅनचं दुखणं एकच. पळताना कसली तक्रार नाही. उभी केली, की मिसिंग मारायची. इंजिन चालूच, पण सारी गाडी हिवताप आल्यासारखी थरथरायची. एखादवेळी बंदच पडायची.

जुबेरनं तीन दिवस घातले. प्लग नवे टाकले. कार्बोरेटर खोलून धुतला. हवेची नळी चिरलेली असेल म्हणून बदलली, इंजिनाखालचे रबर बदलले. थरथर तशीच. मग त्यानं उस्तादानं, म्हणजे चाचांनीच, शिकवलेला जुना इलाज केला. इंजिन चालू ठेवायचं आणि प्लगच्या वायरी एकेक करून काढायच्या. ज्या वायरीनं इंजिनाला काही फरक पडत नाही, तो सिलिंडर मेलेला समजायचा. या व्हॅनला सिलिंडर तीन. पहिली वायर काढली, इंजिन बसलं. लावली, उठलं. दुसरी, तसंच. तिसरी, तसंच. तिघंही जिवंत.

मग रोग कुठे होता?

शेवटी त्यानं लांब पेचकस, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हर, घेतला, टोक इंजिनावर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. डॉक्टर छाती तपासतो तसं. तीन ठोके ऐकू आले. जाड, ओळीनं. आणि त्यांच्या मधे चौथा. बारीक. फार जलद. लोखंडाचा नव्हे तो... जुबेर दोन लेकींचा बाप होता. असा ठोका त्यानं आधी ऐकला होता, सोनोग्राफीच्या खोलीत, बायकोच्या पोटावर यंत्र ठेवलं होतं तेव्हा.

तिन्ही ठोके त्या चौथ्यासाठी जागा करत होते. थरथर त्याचीच होती.

"मग त्यानं काय केलं?" रूहीनं विचारलं.

"जे मी त्याले कधीच करू नोको म्हटलं होतं, ते," चाचा म्हणाले. "रेसचा स्क्रू पिळला."

गॅरेजवाल्यांची ही जुनी चोरी. उभ्या गाडीची रेस, म्हणजे इंजिनाचा वेग, वाढवून ठेवली, की थरथर झाकली जाते. ग्राहक खूश. दुखणं जिथल्या तिथे. जुबेरनं नानाजींना फोन केला, "झाली ठीक. रात्रीच आणून देतो."

पावणेअकराला तो गावात पोचला. नानाजींनी त्याला जाऊ दिलं नाही. "एवढ्या थंडीचा वापस कसा जाशीन? झोप इथीच." करिष्माची आई, आशाबाई, त्याला गरम वरण वाढता वाढता म्हणाली, "गाडी धोका तं नाई देणार ना, जुबेरभाऊ?"

"नाई जी," जुबेर म्हणाला. ताटावरून मात्र नजर उचलली नाही.

बारा वाजून चाळीस मिनिटांनी करिष्माला कळा लागल्या.

दवाखान्याच्या सरकारी गाडीला फोन केला. ती दुसऱ्या गावी गेलेली, यायला दीड तास. करिष्माची पाणमोट फुटली होती. व्हॅन नानाजींना चालवता येत नव्हती. ती चालवणारा पुतण्या सकाळी यायचा होता. जुबेर स्टेअरिंगवर बसला, शेजारी नानाजी. मागे करिष्मा आणि आशाबाई. गडचिरोलीचा दवाखाना सदतीस किलोमीटर. या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखालीच असतं. निघाले तेव्हा जुबेरला खालून फक्त ऊब लागत होती. गाडी छान पळत होती.

सहा किलोमीटर गेले. वळण घेतलं. आणि रस्त्याच्या मधोमध वाघ बसलेला.

या भागातल्या माणसाला यात नवल नाही. सारेच करतात ते जुबेरनं केलं. गाडी थांबवली, दिवे बारीक केले, हॉर्न नाही, काचा बंद. उठेल तेव्हा उठेल.

"दहा मिनिटात जाते तो," नानाजी कुजबुजले.

एक वाजून पाच मिनिटं झाली होती.

दहा मिनिटं गेली. वाघ तसाच. मागे करिष्मा पदर दातांत धरून होती. तिच्या कण्हण्यातली अंतरं कमी होत चालली होती.

आणि रेस उतरू लागली. कुणी हात न लावता. जुबेरनं स्वतः पिळलेला स्क्रू, पण आवाज खाली, आणखी खाली... काचा वाजू लागल्या. सीट हलू लागली. खालून, मांड्यांना, त्याला जाणवलं.

तीन ठोके.

आणि मधे तो.

"जुबेरभाऊ, तू तं म्हणे ठीक झाली," नानाजी म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

"नानाजी... मी खोटं बोललो."



मागून करिष्मा म्हणाली, "आई, हात नोको ना एवढा दाबू माहा."

"माहे हात तं तुह्या पाठीखाली हायेत, बाई."

"दोन्ही?"

"दोन्ही."



इंजिन खोकलं. एकदा. परत एकदा. बंद पडलं तर पुन्हा चालू होणार नाही, हे जुबेरला ठाऊक होतं. कसं ठाऊक, ते त्याला आजही सांगता येत नाही. त्यानं आरशात पाहिलं नाही. पाहायचं नाही, असं ठरवून तो समोर पाहत राहिला.

तेवढ्यात मागून आवाज आला. बाईचा. करिष्माचा नव्हे. आशाबाईचा नव्हे. अगदी थकलेला.

"भाऊ... थांबू नोको... मांगच्या बारीनं, माह्या कळांत, गाडी थांबलीच होती..."

नानाजींनी डोळे मिटले. ओठ हलत होते त्यांचे.

समोर वाघ. मागे ती. मधे कळा देणारी पोर.

जुबेरनं गिअर टाकला.

"काय करून राह्यला तू? अरे..." नानाजी ओरडले.

व्हॅन हलली. चाक फिरलं मात्र, आणि थरथर गेली. एकदम. कुणीतरी सुटकेचा श्वास टाकावा तशी. दिव्यांच्या उजेडात वाघ उठला. तो जुबेरकडे पाहत नव्हता. व्हॅनच्या मागच्या खिडकीकडे पाहत होता. कान मागे पडले त्याचे. एवढं मोठं जनावर, पोट जमिनीला लावून, उलट्या पावलांनी सागात शिरलं.

त्यानंतर जुबेर कुठेच थांबला नाही. हायवेला लागताना नाही. वैनगंगेच्या पुलावर नाही. एक पंचावन्नला दवाखान्याच्या दारात गाडी लावली, तेव्हा करिष्माला उचलायला दोन बाया धावत आल्या. बाळंतपणाच्या खोलीचं दार बंद झालं.

दोन वाजून चार मिनिटांनी बाळ रडलं. मुलगी. नर्स नंतर म्हणाली, अजून दहा मिनिटं उशीर झाला असता तर दोघीही गेल्या असत्या.

नानाजी भिंतीला टेकून खाली बसले. जुबेरचा हात त्यांनी आपल्या हातात घेतला आणि कितीतरी वेळ सोडला नाही.

"बस?" मदीहा म्हणाली. तिचा आवाज रजईतून आला. "मग बरंच झालं की चाचा. यात भ्यायचं काय?"

गल्लीत कुत्रं भुंकलं, तसं रूहीनं मदीहाचं मनगट पकडलं.

"नर्स बाळाले घेऊन बाहेर आली," चाचा म्हणाले. "चिडलेली होती. आशाबाईले म्हणे, बाई, तुमची रीत तुमच्या घरी. इथी आमाले न विचारता काऊन बांधला? आशाबाई म्हणे, काय बांधलं? मी तं आतच आली नाई. मंग नर्सनं कपडा बाजूले केला."

बाळाच्या उजव्या पायात काळा दोरा होता. दृष्ट लागू नये म्हणून लेकराला बांधतात तसला. जुना, धुऊन धुऊन विटलेला. तीन गाठी मारलेल्या.

नर्सनं आतल्या डॉक्टरीणबाईला विचारलं. दाईला विचारलं. पोर बाहेर येताच पायाला धरलं होतं तिनं. ती म्हणाली, तेव्हाच होता.

तेव्हा बाळ पुसलंही नव्हतं. अंगभर ओलं होतं.

दोरा कोरडा होता.